शब्दचर्चा: गटाचं ब्रीद आणि मूल्यं जपानीत कशी लिहावीत?

विचारणा: जपानात राहणारी आम्ही काही मराठी मंडळी गणपती, दिवाळी एकत्र करतो. शेजारच्या जपानी लोकांसाठी ओळखपत्रक काढतोय. 'आमचं ब्रीद, आमची मूल्यं' यासाठी कोशात 'सेइशिन' मिळाला. चालेल का?

प्रतिसाद: एकटा 'सेइशिन' नको. त्याचा पहिला अर्थ मन. मानसोपचार विभागालाही 'सेइशिनका'च म्हणतात. कसलं सेइशिन ते आधी सांगावं लागतं. खासगी विद्यापीठं 'केनगाकु नो सेइशिन' लिहितात, म्हणजे संस्था उभारण्यामागची भावना. 'तामाशी' (आत्मा) त्याहून जोरकस, पण 'यामातो-दामाशी' (जपानी आत्मा) म्हटलं की युद्धकाळातला प्रचार आठवतो. पत्रकात तो अजिबात घालू नका.

प्रतिसाद: मग 'शाझे' (कंपनीचं ब्रीद) किंवा 'शाकुन' (कंपनीची शिकवण)?

प्रतिसाद: त्यातला 'शा' कंपनीचा. शाळेचं ते 'कोकुन', घराण्याचं 'काकुन'. 'कुन' म्हणजे शिकवण, आणि ती वरून खाली येते. क्योसेरा या कंपनीचं शाझे आहे 'केइतेन आइजिन': आकाशाला वंदन, माणसांवर प्रेम. हे शब्द एकोणिसाव्या शतकातले सामुराई नेते साइगो ताकामोरी यांच्यामुळे घरोघरी पोचले. मात्सुशितांच्या कंपनीत (आजची पॅनासॉनिक) 1929 साली 'कोर्यो' (ध्येयधोरण) आणि 'शिंजो' (श्रद्धा) ठरले, 1933 मध्ये पाच तत्त्वं आली, 1937 मध्ये आणखी दोन. सकाळच्या सभेत, 'चोरेइ'त, सगळे ती मोठ्यानं म्हणत. तुमच्या मंडळात मालक नाही की मुख्याध्यापक नाही, मग हा सूर कशाला?

संस्थेसाठी 'रिनेन' योग्य. स्वयंसेवी गट 'कात्सुदो रिनेन' लिहितात, म्हणजे कामामागचा विचार. पण ब्रीदासाठी मला 'आइकोतोबा' मनापासून आवडतो. मूळ अर्थ खुणेचा शब्द: अंधारात एकानं 'यामा' (डोंगर) म्हणायचं, दुसऱ्यानं 'कावा' (नदी), की आपला माणूस ओळखला. आज 'अमुक हे आइकोतोबा मानून आम्ही काम करतो' असं सर्रास लिहितात. यात हुकूम नाही, सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ आहे.

प्रतिसाद: 2019 च्या रग्बी विश्वचषकात जपानी संघाचं 'वन टीम' तसंच होतं ना? त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला शब्द म्हणून त्याला पुरस्कारही मिळाला.

प्रतिसाद: हो, अगदी तसंच. ओळ छोटी आणि तालात हवी. ओमीच्या (आजचा शिगा प्रांत) व्यापाऱ्यांची रीत बघा: 'उरिते योशी, काइते योशी, सेकेन योशी'. विकणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचं भलं, समाजाचं भलं. ही शब्दरचना नंतरची, पण विचार त्या जुन्या घराण्यांचाच.

विचारणा: आणि 'मूल्यं'? 'काचिकान' लिहू?

प्रतिसाद: 'काचिकान' म्हणजे माणसाची मूल्यदृष्टी. लग्न जुळवताना ती जुळते का बघतात. शेजाऱ्यांसाठी साधं शीर्षक द्या: 'ताइसेत्सु नि शितेइरु कोतो', आम्ही ज्या गोष्टी जपतो त्या. खाली प्रत्येक ओळ क्रियापदानं संपवा: 'मिळून जेवतो', 'मुलांशी मराठीत बोलतो'. नुसती 'एकता, सेवा, संस्कृती' अशी नामं मांडलीत तर पत्रक सरकारी वाटेल. तुमच्या ओळी इथे टाका, क्रियापदं मिळून बघू.