प्लग बदलल्यापासून गाडी मिसिंग मारायलीय, आधी काय तपासावं?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. 2013 ची स्विफ्ट आहे, 1.2 पेट्रोल, सीएनजी किट मागाहून बसवलेलं. गाडी चांगली चालत होती, फक्त स्पार्क प्लगची मुदत उलटली होती म्हणून विजापूर रोडकडच्या एका गॅरेजात चारही बदलून घेतले. बाहेर काढली तेव्हाच स्टेअरिंगला थरथर जाणवली. आता सिग्नलला उभी केली की अख्खी गाडी हलायलीय. गॅसवर पिकअपच नाही, चढाला झटके मारते. पेट्रोलवर टाकली की जरा बरी. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला की लुकलुकतो. गॅरेजवाले म्हणतात थोडं चालवा, प्लग सेट होतील, नाही झालं तर इंजेक्टर साफ करू. रविवारी आई-वडिलांना घेऊन तुळजापूरला जायचंय. न्यावी का गाडी? आणि आधी कशाला हात घालायचा? चांगलं गॅरेजही सुचवा.

होटगी_रोड_मिस्त्री
मालक, रविवारी ही गाडी नेऊ नका. दिवा नुसता लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतोय म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन न जळता बाहेर पडतंय, यालाच मिसिंग म्हणतात. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं, कन्व्हर्टर लालभडक तापतो आणि आतली जाळी वितळते. प्लगचा सेट शेकड्यात येतो, कन्व्हर्टर हजारोंत जातो. त्यात घाट म्हणजे इंजिनवर पूर्ण लोड.

प्लग सेट होतील ही गोष्ट सोडून द्या. नवा प्लग पहिल्या स्टार्टपासून नीटच चालायला पाहिजे. इंजेक्टरही तूर्त राहू द्या. काल गाडी चांगली होती, मग आज ज्याला ज्याला हात लागला तिथंच बघायचं: एअर फिल्टरचा डबा, त्याचे पाइप, कॉइलचे कप्लर (वायरचे जोड), कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) आणि प्लग. चारही कप्लर टक् आवाज येईपर्यंत बसलेत का ते आधी बघा. जुन्या गाडीत प्लास्टिकचं लॉक वाळून तुटलेलं असतं, वरून बसल्यासारखं दिसतं आणि आत ढिलं असतं.

बाळे_वेस
फिल्टरचा डबा काढला असेल तर ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) पाइप परत लावायचा राहून जातो, हे मी अनेकदा बघितलंय. तिथून हवा ओढली की आयडलिंगला गाडी हलते, पण रेस वाढवली की सुधारते. तुमची आयडलिंगलाही हलते, पण लोड आला की सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडते. त्यामुळं मला स्पार्कचीच शंका येते. तरी पाइप बघून घ्या, फुकटात होतं.

अक्कलकोट_रोड
स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) वगैरे कशाला? गाडी चालू ठेवून एकेका कॉइलचा कप्लर काढा. ज्याचा काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. आमच्या वेळी असंच शोधायचो आणि बरोबर सापडायचं.

होटगी_रोड_मिस्त्री
काका, पद्धत खोटी नाही, मीही तीच शिकलोय. पण कॉइल काढली तरी इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतो आणि ते सगळं कन्व्हर्टरमध्येच जातं. शिवाय चालू गाडीत कॉइलला हात म्हणजे हजारो व्होल्टचा झटका. आता तसं करायची गरज उरलेली नाही.

स्कॅनर लावा. P0301 ते P0304 यातला कोड आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. P0300 आला तर मिसिंग एका जागी नाही. सोबत P0171 असेल तर मिश्रण पातळ पडतंय, मग बाळेकर म्हणतात तो पाइप बघायचा. एकच नंबर आला तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावा, कोड पुसा आणि आवारातच जागेवर थोडी चालवून परत वाचा. नंबर कॉइलमागं गेला तर कॉइल खराब. तिथंच राहिला तर प्लगची अदलाबदल करा. प्लग इंजिन थंड झाल्यावरच खोला, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे जातात. एक रुपयाचा पार्ट न घेता दोष सापडतो. म्हणून गॅरेजचं नाव विचाराल तर मी एवढंच सांगेन की ज्याच्याकडं स्कॅनर आहे आणि ही अदलाबदल तुमच्यासमोर करून दाखवायची ज्याची तयारी आहे, त्याच्याकडं जा.

सात_रस्ता_सीएनजी
गॅसवर जास्त का जाणवतं ते सांगतो, कारण बरेच जण इथं किटवाल्याशी भांडायला जातात. पेट्रोलपेक्षा सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलचं रबर फाटलेलं असेल, प्लगला तडा असेल किंवा गॅप (प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट) जास्त असेल, तर वीज टोकापर्यंत न जाता बाजूनं बॉडीला पळते. पेट्रोलवर तीच ठिणगी कशीबशी भागवते, गॅसवर भागत नाही. गॅसवरचं मिसिंग म्हणजे स्पार्कच्या दुखण्याची पहिली खबर समजा.

गॅपही मोजा. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटी 11 असेल तर गॅप 1.1 मिमी, 10 असेल तर 1.0. गॅसच्या गाडीला काही जण थोडा कमी ठेवतात. पण प्लग इरिडियमचे असतील तर गॅप वाकवायला जाऊ नका, त्याचं टोक केसासारखं बारीक असतं, मोडतं.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तुळजापूरला एसटीनं जाणार, गाडी उभी केलीय. ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं. पाइप आणि कप्लर ठीक निघाले. कोड आला P0302. दोनची कॉइल तीनला लावली, कोड पुसला, परत P0302. मग दोनचा प्लग चारला लावला तर P0304! म्हणजे प्लगच ना? पण नवा कोरा प्लग खराब कसा?

होटगी_रोड_मिस्त्री
प्लगच. काढून उन्हात धरा आणि पांढरी चिनीमाती फिरवत बघा. षटकोनाच्या वर केसाएवढी काळी रेघ दिसेल.

जुळे_सोलापूरकर
दिसली! नखाला लागत नाही, पण रेघ आहे.

होटगी_रोड_मिस्त्री
पाना तिरका झाला की असं होतं. प्लग खोल खड्ड्यात असतो, एक्स्टेन्शन जरा कललं की चिनीमातीवर दाब येतो आणि तडा जातो. खाली पडलेला प्लग उचलून लावला तरी तेच. त्या सिलिंडरच्या कॉइलचं रबर आतून बघा, तिथंही काळी रेघ उमटली असेल तर रबर बदला, नाहीतर नवा प्लगही मिसिंग मारेल.

प्लग खोलायच्या आधीच खड्ड्यातली धूळ हवेनं उडवा, आपल्याकडं उन्हाळ्यात किती माती साचते तुम्हाला माहीतच आहे. हातानं पूर्ण फिरेपर्यंत पाना लावायचा नाही. वायसरचा नवा 14 मिमीचा प्लग असेल तर हातानं टेकल्यावर पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. अदलाबदल केलेल्या जुन्या प्लगचं वायसर दबलेलं असतं, त्याला फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो. जोर लावला की आटे गेलेच.

जुळे_सोलापूरकर
त्याच नंबरचा एक प्लग आणला. रबरावर रेघ होती, तेही बदललं. आता गाडी गॅसवरही शांत, दिवा गेला. बाकीचे तीनही काढून बघू का?

होटगी_रोड_मिस्त्री
बघाच. चारही एकाच हातानं, एकाच पान्यानं बसवलेत. आणि गॅरेजातून जुने चार प्लग मागून आणा. चांगल्या चालणाऱ्या गाडीतून निघालेत ते, पुढं कधी शंका आली तर लावून बघायला कामाला येतील.