मदत हवी आहे: कशेळी ते आडिवरे आणि पुढे, गाडीशिवाय. पाखाड्या (जांभ्याच्या पायऱ्यांच्या जुन्या वाटा) अजून चालत्या आहेत का?

ओटीवाली

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या जाणकारांनी जरा लक्ष घालावं.

आमच्या सासरचं कुलदैवत आडिवऱ्याची महाकाली. जाणं होतं, पण ते म्हणजे गाडीतून उतरायचं, ओटी भरायची, जेवायचं आणि पुन्हा गाडीत. येत्या डिसेंबरात तीन-चार दिवस मोकळे मिळतायत, ते चालण्यात घालवायचे आहेत. सासरे सांगतात, त्यांच्या लहानपणी कशेळीहून आडिवऱ्याला माणसं सर्रास पायी जायची. घाटी चढली की सडा (वरचं कातळाचं पठार), सडा संपला की उतार आणि पाखाडी. एसटीची वाट बघत बसण्यापेक्षा चालणं परवडायचं म्हणे.

नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच: अमुक मंदिर, तमुक बीच, पार्किंगची सोय आहे. या गावातून त्या गावात पायी कसं जायचं, हे कोणी लिहीतच नाही. आम्हाला गड सर करायचे नाहीत, दोराला लटकायचं नाही. झाडीतली वाट, जांभ्याच्या पायऱ्या, मधे एखादं जुनं देऊळ किंवा कातळशिल्प आणि रात्री कोणाच्या तरी घरचा गरम भात, एवढीच हौस.

माणसं चार. मी, नवरा, कॉलेजातली लेक आणि सासरे. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडलीय. चढ आरामात चढतात, उतारावर गुडघा कुरकुरतो. वाटा शाबूत आहेत का, वाटाड्या लागेल का आणि डिसेंबर बरोबर आहे का, हे कळलं तर फार बरं होईल.

गडगा

ताई, डिसेंबर उत्तम. सड्यावरची फुलं बघायची असती तर सप्टेंबर म्हटलं असतं, पण तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि गुडघेवाल्या माणसाला ते नकोच. मार्चनंतर कातळ तापतो. एकदा तापला की खालून भाजतो नि वरून ऊन.

आता वाटांचं. आमच्याच वाडीचं सांगतो. घरापासून सड्यापर्यंत अखंड पाखाडी होती. दोन्ही बाजूंना गडगे (रचलेल्या दगडांचे बांध), मधे डोक्यावर गवताचा भारा घेतलेलं माणूस जेमतेम जाईल एवढी रुंदी, आणि पायऱ्यांच्या मधोमध पावलांनी पडलेले खळगे. खालचा अर्धा भाग आजही लख्ख आहे, कारण तिथून देवळात जा-ये असते. वरच्या भागात मात्र करवंदीच्या जाळ्या शिरल्यात. नळपाणी योजनेचा पाइप टाकताना काही पायऱ्या उपटल्या, त्या परत कोणी बसवल्या नाहीत. रस्ता आला, बाइक आल्या, चालणार कोण?

म्हणून गावात विचारताना 'वाट आहे का' असं विचारू नका. 'आहे की!' असंच उत्तर मिळेल, कारण सांगणाऱ्याच्या डोक्यात त्याच्या लहानपणीची वाट असते. 'हल्ली इथून कोण जातं?' असं विचारा. गुराखी जातो, रानात लाकडाला बायका जातात, असं कोणी म्हटलं तर खुशाल जा. नाहीतर वाडीतलं कोणीतरी सोबत घ्या आणि त्याचा रोज बुडतो, तेवढे पैसे न मागता द्या.

कशेळी-आडिवरे रमतगमत अडीच-तीन तास धरा. पण कशेळीत सकाळ नक्की काढा. कनकादित्याचं देऊळ महाराष्ट्रातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. तिथे शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपट आहे आणि त्यात आडिवऱ्याचाही उल्लेख येतो. म्हणजे या दोन गावांचं जाणं-येणं सव्वाआठशे वर्षांचं तरी आहे. तुमच्या सासऱ्यांना सांगा, खूश होतील. 🙂

पायपीट

सड्यावर कशेळीचा हत्ती चुकवू नका. कातळात कोरलेली अठरा मीटरच्या आसपास लांबीची आकृती आहे आणि त्या हत्तीच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशी गर्दी. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी नुसता काळा कातळ दिसेल. इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, तरी लोक चपला घालून त्यांवर फोटो काढतातच. लेकीला आधीच सांगून ठेवा.

नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० चे नकाशे उतरवून घ्या. त्यात पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. मग उपग्रहचित्र उघडून तीच रेषा शोधा. सड्यावरची मळलेली वाट वरून स्पष्ट दिसते. झाडीत शिरली की दिसत नाही, तिथे वर गडगाभाऊंनी सांगितलेला उपाय.

सुपारीबाग

जरा अवांतर. सासऱ्यांच्या गुडघ्याची चाचणी घ्यायची असेल तर आधी दापोलीजवळचं आसूद करा. रस्त्यावरून सुपारीच्या बागांत उतरायचं, साकवावरून ओढा ओलांडायचा आणि पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात. वर गोमुखातून पाणी पडतं, त्याने तोंड धुवायचं आणि आल्या वाटेने परत. भर दुपारीसुद्धा सावली. एवढं जमलं तर बाकीचं जमेल.

ओटीवाली

सर्वांचे मनापासून आभार! ताम्रपटाचं सासऱ्यांना वाचून दाखवलं. 'मग मी सांगत काय होतो?' म्हणाले.

आसूदची सूचना आवडली, मुंबईहून येताना वाट वाकडी करून होईल. सापांचं मात्र कोणीच लिहिलं नाही. लेक घाबरते. (मीही.)

पाटीपेन्सिल

ग्रामीण रुग्णालयात नोकरी केली आहे म्हणून लिहिते. आपल्याकडे भीती फुरश्याची. लहान असतं, कातळाच्या आणि पालापाचोळ्याच्या रंगात मिसळून जातं आणि माणूस आला म्हणून पळत नाही. डिसेंबरात पाखाड्यांवर पाला साचलेला असतो, पायरी दिसतच नाही. पुढच्याने काठीने पाला सारत उतरायचं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, गडग्यावर हात टेकायचा नाही, बसण्याआधी दगड नीट बघायचा. एवढं पाळलं तर घाबरण्याचं कारण नाही.

चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका, भगताकडे नेऊ नका. पाय हलू न देता थेट रुग्णालय. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत आणायची गरज नसते. (आणतात हो लोक, पिशवीत घालून.) निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून लस आहे ना, हे विचारून ठेवा.

आणि पाणी. पावसाळ्यात सड्यावर डबकी असतात, डिसेंबरात थेंब नसतो. माणशी दोन लिटर खालूनच भरून घ्या.

गडगा

फुरश्याचं बरोबर. मी कुत्र्यांचं सांगतो, कारण प्रत्यक्षात त्रास त्यांचाच जास्त. डिसेंबरात कलमांना मोहोर यायला लागतो आणि बागांत राखणदार येतात. बरेचसे नेपाळी, स्वभावाने चांगले, पण त्यांची कुत्री अनोळखी माणसाला हद्दीत येऊ देत नाहीत. लांबूनच हाक मारा. बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलंत तर मागे लावून घ्या, गुरं शिरली तर शिव्या तुम्हालाच.

तिसऱ्या दिवसासाठी देवाचे गोठणे घ्या. भार्गवरामाचं देऊळ, मागे झाडीतून चढणारी वाट आणि वर सड्यावर माणसाची कोरलेली आकृती. तिथे होकायंत्र ठेवलं की सुई भलतीच दिशा दाखवते. लेकीला मोबाइलऐवजी साधं होकायंत्र द्या, तिला मजा येईल. चौथा दिवस राजापुरात. गावातून धूतपापेश्वरला चालत जाता येतं, मृडानी नदीच्या काठी देऊळ आहे आणि उताराचा त्रास फारसा नाही.

ओटीवाली

मग असं ठरवतेय: पहिला मुक्काम कशेळी, दुसऱ्या दिवशी सडा ओलांडून आडिवरे (तिथे भक्तनिवासात विचारते), तिसऱ्या दिवशी देवाचे गोठणे, शेवटी राजापूर. उतार फार वाटला तर सासरे एसटीने पुढे जातील. ते तयार नाहीत, पण ते आमचं आम्ही बघू.

आडिवऱ्याहून देवाचे गोठण्याला सलग पायी जाता येतं का? की मधे डांबरी रस्ताच आहे?

गडगा

सलग वाट मी स्वतः चाललेलो नाही. आडिवऱ्यात सकाळी देवळाबाहेर फुलं-नारळ घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारा, आसपासच्या वाड्यांतून येतात. डांबरी रस्त्याचा तुकडा निघाला तर तेवढा एसटीने उरका, उगाच हट्टाने चालू नका. राजापूरला परतायची शेवटची गाडी किती वाजता हे मात्र आदल्या दिवशीच कंडक्टरला विचारा, फलकावरच्या वेळेवर जाऊ नका.