मदत हवी आहे: बाळ सांभाळायला बाई ठेवतेय, पण ही सर्टिफिकेटं वाचायची कशी? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. मी बँकेत नोकरी करते. २६ आठवड्यांची रजा पुढच्या महिन्यात संपतेय, लेक साडेपाच महिन्यांची आहे. नवरा सोमवार ते शुक्रवार पुण्यात. सासूबाई घरी असतात, पण गुडघ्यांनी दगा दिलाय. बाळाला मांडीवर घेऊन तासभर बसतील, घेऊन उठायचं म्हटलं की अवघड. पाळणाघर वर्षभर तरी नको असं ठरवलंय (त्यावर इथे वाद नको, घरात पुरेसा झालाय).

सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा घरी येऊन सांभाळणारी बाई हवी. एका ब्युरोला फोन केला. "मॅडम, आमच्याकडच्या सगळ्या सर्टिफाइड आहेत," म्हणाले आणि व्हॉट्सॲपवर तिघींची सर्टिफिकेटं पाठवली. ती बघून जास्तच गोंधळले.

पहिली 'जनरल ड्यूटी असिस्टंट', वय २४, हॉस्पिटलात दीड वर्ष काम, १६ हजार. दुसरी एएनएम (नर्सिंगचा कोर्स), पण गुणपत्रिका फक्त पहिल्या वर्षाची, १८ हजार. तिसरीचा वर्षभराचा मॉन्टेसरी टीचरचा कोर्स, दोन वर्षं बालवाडीत शिकवलंय, १५ हजार. तिघींच्याही कागदावर सोनेरी शिक्का आहे. तिसरीच्या कागदावर दोन.

चौथ्या मावशी ब्युरोच्या नाहीत. पोळ्यावाल्या काकूंनी सुचवल्या. पूर्व भागात राहतात, पन्नाशीच्या आहेत, तीन घरची मुलं सांभाळलीत, मराठी-तेलुगू दोन्ही बोलतात. ९ हजार म्हणाल्या. कागद म्हणाल तर आधार कार्ड.

नवरा म्हणतो ट्रेंडच (म्हणजे ट्रेनिंग घेतलेलीच) घे, पैशाचं बघू. माझा प्रश्न असा की ट्रेंड म्हणजे नेमकं कशात?

निवृत्त_सिस्टर

ताई, प्रश्न बरोबर विचारलात. मी बालरुग्ण विभागात अनेक वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणजे रुग्णाच्या उशापाशी मदत करणारी. अंग पुसणं, बेडपॅन, कूस बदलणं, भरवणं, ताप-नाडी लिहून ठेवणं. काम मानाचं आहे, पण शिक्षण मुख्यतः आजारी माणसासाठीचं. तुमची मुलगी आजारी नाही.

एएनएम दोन वर्षांचा, बारावीनंतरचा. तो पुरा करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की त्या बाईला नर्स म्हणायचं. एकाच वर्षाची गुणपत्रिका म्हणजे कोर्स पुरा झाल्याचा पुरावा नव्हे. नोंदणी क्रमांक मागा. "रिझल्ट यायचाय" असं उत्तर आलं तर मी तरी तिला एएनएम धरणार नाही, आणि १८ हजार तर नाहीच. एएनएममध्ये लसीकरण, स्तनपान, बाळाचं वजन हे सगळं शिकवतात, त्यामुळे पुरी झालेली मिळाली तर उत्तमच. पण पुरी झालेली एएनएम घरकामाला येईल कशाला, तिला दवाखान्यात नोकरी असते.

मॉन्टेसरीवाली शिक्षिका आहे. तीन वर्षांच्या मुलाला मणी ओवायला शिकवेल. साडेपाच महिन्यांच्या बाळाचा लंगोट तिने कधी बदललाय का, हे कागद सांगणार नाही.

तुम्हाला हवा तो कागद वेगळाच. कौशल्य विकासात घरकाम आणि देखभाल करणाऱ्यांसाठी स्वतंत्र सेक्टर स्किल कौन्सिल (कोर्स आणि सर्टिफिकेट ठरवणारी संस्था) आहे, आणि तिथे मूल सांभाळणारीसाठी 'चाइल्ड केअरटेकर' असा कोर्स आहे. तसं सर्टिफिकेट कुणी दाखवलं तर वर कौन्सिलचं नाव आणि नेमकं कामाचं नाव वाचा. नुसतं 'नॅनी ट्रेनिंग' लिहिलेलं, संस्थेने स्वतःच छापलेलं असेल तर ती हजेरीची पावती समजा.

आणखी एक सुचवते. निवृत्त अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस ओळखीत आहे का बघा. वजन, आहार, लसींच्या तारखा यात त्यांची अर्धी जिंदगी गेलेली असते.

शेंगाचटणी

माझा अनुभव सांगतो, मग ठरवा. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका ब्युरोकडून (नाव लिहीत नाही) "ट्रेंड सिस्टर" घेतली. पांढरा ॲप्रन, हातात वही. १०.१५ दूध, ११.०० शी, सगळं टापटीप. आमच्या आईला तर एवढं कौतुक की शेजारणींना वही दाखवायची.

पोरगा दुपारी तीन-तीन तास झोपायला लागला. आम्ही खूश. बायकोला मात्र शंका आली, संध्याकाळीही तो गुंगीत असल्यासारखा असायचा. फ्रिजवर सर्दीच्या औषधाची बाटली असायची, मागच्या आजारपणातली. तिने लेबलच्या कडेला पेनाने बारीक रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी औषध रेघेच्या बोटभर खाली.

बाई म्हणाली, "रडत होता ना ओ, म्हणून थोडं दिलं." वहीत त्याची नोंद नव्हती. ब्युरोला फोन केला तर "दुसरी पाठवतो". डॉक्टरांनी तपासलं, पोरगा ठणठणीत होता, पण आमची झोप गेली ती गेलीच.

तेव्हापासून घरातली सगळी औषधं कपाटात, किल्ली आईच्या कमरेला. आणि बाई ठेवताना पहिला प्रश्न: "बाळ अर्धा तास रडायचं थांबलं नाही, तर काय काय कराल?" भूक बघेन, लंगोट बघेन, कपडा टोचतोय का, कान ओढतंय का, खांद्यावर घेऊन फिरेन, नाहीच थांबलं तर तुम्हाला फोन करेन. अशी उतरंड जिला सांगता येते तिला काम येतं. "गप्प करते की मी" एवढंच म्हणणारीला नमस्कार.

लीड्सवासी_सोलापुरी

माझं माहेर शेळगीचं, आता इंग्लंडमध्ये. इथे नॅनीसाठी कायद्याने डिग्री लागत असेल असं मला वाटायचं. लागत नाही! घरी येऊन सांभाळणारीला कुठलीच पदवी सक्तीची नाही. बाथला नॉरलँड नावाचं नॅनींसाठीचं कॉलेज आहे, १८९२ पासूनचं, पण तिथल्या नॅनी आमच्यासारख्यांच्या ऐपतीबाहेरच्या. बाकीचे आईबाप तीन गोष्टी बघतात: लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट, पोलीस रेकॉर्डचा दाखला, आणि आधीच्या घराशी स्वतः फोनवर बोलणं. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. मी विचारते, "पुन्हा गरज पडली तर हिलाच ठेवाल का?" समोरची बाई उत्तर द्यायला किती वेळ घेते त्यावरून कळतं.

जुळे_सोलापूरकरीण

सगळ्यांचे आभार. शेंगाचटणी, तुमची पोस्ट वाचून आधी औषधांचा डबा वर ठेवला. सिस्टर, दोन शंका. प्रथमोपचार आपल्याकडे कोण शिकवतं? आणि मावशी घरी विड्या वळतात. आपल्याकडे पूर्व भागात ते घरोघरी आहे, त्यात वावगं काही नाही, पण तंबाखूचं काय करायचं? हे विचारताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

निवृत्त_सिस्टर

ओशाळू नका, नीट बोला. तंबाखूची धूळ हाताला, पदराला बसते आणि बाळ सगळं तोंडात घालतं. तुमच्याकडे एक साडी किंवा गाऊन ठेवा. आल्यावर कपडे बदलायचे, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, मग बाळ. तुमच्या घरात विड्या वळायचं सुपडं आणायचं नाही. मी स्वतः वॉर्डात शिरताना हेच करत होते, असं सांगा, त्यांना कमीपणा वाटणार नाही. पाणी न येण्याच्या दिवशीही हात धुण्याची बादली वेगळी भरून ठेवा, आपलं सोलापूर आहे.

प्रथमोपचार रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स शिकवतात. शिवाय तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, बरेच जण पाच मिनिटांत दाखवतात. मुलाखतीत तुम्ही तोंडी विचारू नका. हातात बाहुली द्या, म्हणा, "हिच्या घशात शेंगदाणा अडकलाय, आवाज निघत नाहीये." बहुतेक जणी तोंडात बोट घालतात, काही पाय धरून उलटं टांगतात. दोन्ही चूक. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. पोट दाबायचं नाही. हे येत नसेल तर शिकवता येतं. "आमच्यात असं काही होत नाही" म्हणणारीला शिकवता येत नाही.

आणि मध, गुटी, काजळ, सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी, यावर पहिल्याच दिवशी बोला. सासूबाईंच्या देखत बोला. नाहीतर तुम्ही बँकेत आणि त्या दोघी मिळून बोटाला मध लावतील.

साखरपेठी

एक कोरडी गोष्ट. आधारच्या झेरॉक्सवर थांबू नका, मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या ॲपमधून स्कॅन करा. फोटो, पत्ता आणि दोन जवळच्या नातेवाइकांचे नंबर तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात देऊन या. मावशींनाही सांगा की घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते, २००८ च्या कायद्याने झालेलं मंडळ आहे, वय १८ ते ६०. महिन्याला सुट्ट्या किती, पगार कुठल्या तारखेला, हे एका कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस गायब झाल्या की मग भांडणं होतात.

जुळे_सोलापूरकरीण

अपडेट. ब्युरोला एएनएमचा नोंदणी क्रमांक मागितला, त्यानंतर त्यांनी फोन उचललेला नाही. मॉन्टेसरीवाली भेटून गेली, गोड मुलगी आहे, पण तिनेच सांगितलं की एवढं लहान बाळ उचलायची भीती वाटते. प्रामाणिकपणा आवडला, दोन वर्षांनी बोलावते म्हटलं.

काल मावशी आल्या. बाहुलीला त्यांनीही पाय धरून उलटं केलं. सिस्टरांचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "पुन्हा सांगा," आणि खाली बसून चार वेळा करून बघितलं. साडी बदलायला तयार आहेत. विड्यांचं मी बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "हात धुतल्याबगर लेकराला शिवत न्हाई मी." जुन्या घरच्या बाईंशी फोनवर बोलले, त्या एक क्षण थांबल्या नाहीत. सोमवारपासून एक आठवडा मी घरात असतानाच येणार आहेत, त्या दिवसांचे पैसे वेगळे दिले.

नवऱ्याला अजून ट्रेंडच हवी आहे. त्याला म्हटलं, शनिवारी ये आणि त्या बाहुलीचा घसा तू मोकळा करून दाखव.