मदत हवी आहे : इतरांच्या ब्लॉगवर प्रतिसाद देऊन वाचक कसे मिळवावेत?

कोकणातील कातळशिल्पांवर मी वर्डप्रेसवर मराठी ब्लॉग लिहितो. प्रतिसादांतील दुव्यांना वर्डप्रेस आपोआप ‘नोफॉलो’ (शोधयंत्रांनी हा दुवा जमेस धरू नये, अशी) खूण लावते आणि गूगलने ती २००५ मध्येच स्वीकारली असल्याने, अशा दुव्यांमुळे शोधात वर येण्याची आशा मला नाही. वाचक आलाच तर प्रतिसाद वाचून, कुतूहलापोटी येईल. म्हणून नुसते ‘छान लेख’ न लिहिता, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते, अशी एखादी भर मी घालतो. मात्र सोबत दुवा दिला की प्रतिसाद बहुधा स्पॅममध्ये जातो (आणि दुसऱ्याच्या अंगणात आपले दुकान मांडणे मलाही प्रशस्त वाटत नाही), तर न दिल्यास नावावर टिचकी मारणारे विरळाच. तेव्हा दुवा नेमका केव्हा द्यावा आणि भटकंतीच्या ब्लॉगांवर लिहावे की इतिहासाच्या, याविषयी अनुभवी ब्लॉगलेखकांनी कृपया मार्गदर्शन करावे.