अनुभव धागा : पवनेच्या काठी बारमाही राहताना

पवना धरणाच्या काठी एक रात्र तंबूत काढलेल्यांचं लिखाण पुष्कळ सापडतं. इथे मात्र वर्षभर राहणाऱ्यांनी लिहावं. लोणावळा, तळेगाव, पिंपरी-चिंचवड हाकेवर असल्यामुळे जमीन बघायला माणसं सतत येतात. त्यांना खरं काय ते कळू दे.

काठावरची सून
माझं माहेर चिंचवडचं. तिथल्या नळाला पवनेचंच पाणी. आमची वाडी चढावर आहे. मे महिन्यात विहीर आटते आणि मोटार बिघडली की हंडे घेऊन खाली उतरावं लागतं. माहेरी कुणाला हे खरं वाटत नाही. पण इंद्रायणी भात फुलोऱ्यात आला की शिवारभर जो वास सुटतो, त्यासाठी मी इथून हलणार नाही. पुण्याची लोकल कामशेतला मिळते. कामशेत गाठणं हेच अवघड. जीप भरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून लेकीला कॉलेजसाठी दुचाकी घेऊन दिली.

धरणग्रस्त
आमचं शेत पाण्याखाली आहे. आजोबा बोट करून दाखवायचे, तिथे खळं होतं, तिथे चिंच. उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं की वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा आम्ही नारळ घेऊन जातो. जमीन घेणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावं : पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीतून पाणी न्यायला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. त्यात एक बाई होती. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल अजून बोललं जातं.

तंबूवाला
या धंद्यामुळे माझा भाऊ चाकणची नोकरी सोडून घरी परत आला. धंद्याला नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. तरी शनिवारी पलीकडच्या काठावरचा डीजे पाण्यावरून थेट घरात ऐकू येतो, तान्ही पोरं दचकून उठतात. आम्ही दहाला आवाज बंद करतो. गिऱ्हाईक चिडलं तर पैसे परत. पाण्यात मात्र कुणालाच उतरू देत नाही. काठ उथळ दिसतो, पण पुढे एकदम खोल आहे, तळाशी गाळ. चांगली पोहणारी मुलंही बुडाली आहेत. कृपा करून ऐका.

बोरिवलीहून आलेला
पावसाच्या तोंडावर काजवे, मग आठवडेच्या आठवडे ऊन नाही. भिंतींना ओल, कपाटात बुरशी. दमा असेल त्याने आधी एक पावसाळा भाड्याने राहून बघावं. रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवणारा शेजारी कोण, हे आल्या आल्या ठरवून ठेवा. आम्हाला तसा शेजारी लाभला, म्हणून आम्ही दोघं या वयात इथे राहू शकतो. वाघेश्वराला कधी येऊ?

धरणग्रस्त
काका, वैशाखात या. गाळ पुरता वाळलाय का ते गावात विचारूनच निघायचं. आईला वाट ठाऊक आहे, ती सोबत येईल.