लस नाकारणाऱ्या घरांशी काय बोलावे?

प्रश्न (आशा गटप्रवर्तक, भिवंडी)

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव आणि आमच्या भिवंडीत गोवरची साथ आली, बालके दगावली, आणि त्यानंतर काही काळ लोक आपणहून लसीकरण सत्राला येत होते. आता ती धास्ती ओसरली आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) घेतलेली कितीतरी बाळे नवव्या महिन्यात गोवर-रुबेलासाठी परत आणलीच जात नाहीत. परवा एका आजींनी दारातच ऐकवले, "बाळ हसतंखेळतं होतं, तुम्ही सुई टोचून तापानं आजारी पाडलंत." मी गोवराचे धोके सांगत राहिले आणि त्या लसीकरणाचे कार्ड घेऊन आत निघून गेल्या. अशा घरांचे रेशन अडवावे, असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही, पण दुसरे काय करावे?

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र)

आजींचे म्हणणे खोडू नका, कारण ताप खरोखरच लसीमुळे आला होता. पेंटाव्हॅलेंटमधील डांग्या खोकल्याचा घटक मारलेल्या संपूर्ण जंतूंपासून बनवलेला असतो, त्यामुळे एक-दोन दिवस ताप येणे, मांडी सुजणे, बाळाने रात्रभर किरकिर करणे हे नेहमीचे आहे. कोणती लस दिली, तिचा काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचे आणि कार्ड जपून ठेवायचे, हे चार संदेश आपण प्रत्येक आईला देतो खरे. पण बहुतेक वेळा ते सुई टोचल्यानंतर, बाळ रडत असताना आणि मागे रांग खोळंबलेली असताना घाईघाईने उरकले जातात. ते टोचण्याआधी सांगावेत, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती द्यायचे ते दाखवावे, आणि दुसऱ्या दिवशी आशाताईंनी त्या घरी जाऊन यावे, कारण तापाची रात्र काढलेल्या आईची विचारपूस करायला कोणीच फिरकले नाही, तर पुढच्या वेळी तिने आपल्यावर का विश्वास ठेवावा? गोवर-रुबेलाची लस मांडीत नव्हे तर उजव्या दंडावर देतात, आणि तिचा ताप आलाच तर साधारण आठवड्याने येतो. तेही आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो अचानक आल्यासारखा वाटतो.

उत्तर (सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाची अभ्यासक)

सक्तीबद्दलची आपली शंका रास्त आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी सैनिकांकरवी घरोघर झडत्या झाल्या, आणि त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती रँडच्या हत्येत झाली. त्याच वर्षी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, आणि लोक बिचकत असताना इस्माइली मुसलमानांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती जाहीरपणे घेतली. माणसे आपल्यातल्याच माणसाकडे पाहून पुढे येतात, हे पुढे उत्तर प्रदेशातील पोलिओ मोहिमेतही दिसले; तिथे नकार देणाऱ्या वस्त्यांत मशिदींचे इमाम आणि शेजारच्याच स्त्रिया घरोघर बोलल्या. मात्र एक गोष्ट विसरू नये. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे याच लसीच्या दूषित झालेल्या एका बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला; ते अनेक वर्षांनी दोषमुक्त झाले, पण दरम्यान लसीवरचा विश्वास खचला तो खचलाच. म्हणून लसीनंतर काही गंभीर घडले, तर ते दडपू नये. चौकशी करावी आणि तिचा निष्कर्ष त्याच वस्तीत जाऊन सांगावा.

उत्तर (अंगणवाडी सेविका)

माझ्या भागात ज्यांची नावे नकाराच्या यादीत लागतात, त्यांतली निम्मी घरे नकार देतच नाहीत. सत्र सकाळी असते, तेव्हा आई कामावर असते आणि सासूला विचारल्याशिवाय सून निर्णय घेत नाही. आपण सुनेला समजावतो आणि सासूशी बोलतच नाही! अनेक कुटुंबे सणाला गावी जातात, तिथे डोस चुकतो, आणि परत आल्यावर कोणी रागवेल म्हणून आई समोर येत नाही. उशीर झाला तरी लस देता येते, हेच अनेकींना ठाऊक नसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आजींकडे मी उद्या पुन्हा जाईन आणि आधी त्या रात्रीचे सगळे त्यांच्याकडून ऐकून घेईन. संध्याकाळच्या सत्राची मागणी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी देत आहे. यंत्रमाग वस्तीत असे सत्र कोणी चालवले असेल, तर एएनएमताईंच्या (लस टोचणाऱ्या परिचारिकांच्या) वेळेची आणि लस थंड ठेवण्याची व्यवस्था कशी केली, ते कृपया सविस्तर लिहावे.