अनुभव धागा : निरनिराळ्या संस्कृतींतले प्रोग्रॅमर आणि कौशल्यचाचणी

अनेक देशांतून अर्ज आले असताना सर्वांना एकच कौशल्यचाचणी दिली की निवड आपोआप निःपक्षपाती होते, असे गृहीत धरले जाते. चाचणी घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. प्रश्न काय होता आणि उमेदवार नेमका कुठे अडला, हे तपशिलाने यावे.

परीक्षक (बॅकएंड, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचे काम) : आमच्याकडे बोलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळवत दहा पिना पाडण्याच्या, खेळाची गुणमोजणी करणारा प्रोग्रॅम लिहायला देत असत, हा सरावप्रश्न प्रोग्रॅमरांमध्ये चांगलाच प्रचलित आहे. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या, तर पुढच्या दोन चेंडूंवर पडलेल्या पिनाही त्याच फ्रेममध्ये (फेरीत) मिळवायच्या असतात. ज्याने खेळ पाहिला आहे तो थेट कोडकडे वळे. ज्याने पाहिला नाही त्याचा बराच वेळ दहाव्या फ्रेमला जादा चेंडू का मिळतो, हे उलगडण्यात जाई. बोलिंग माहीत असणे ही भरतीची अट कुठेही लिहिलेली नव्हती, पण होऊन बसली होती. आता आम्ही सर्व्हरच्या नोंदींची फाइल, लेखी नियम, नमुना इनपुट आणि अपेक्षित आउटपुट देतो. उमेदवार अजूनही अडतात, मात्र अर्धवट नोंदींपाशी किंवा वेगवेगळ्या टाइमझोनमधल्या वेळांपाशी, आणि आम्हाला तेच पाहायचे असते.

उमेदवार : मला फळ्यासमोर उभे करून मोठ्याने विचार करायला सांगितले होते. वरिष्ठांपुढे अर्धाकच्चा विचार बोलून दाखवू नये, अशा वळणात मी वाढले. मी गप्प राहून उत्तर काढले. ते बरोबर होते, तरी शेरा ‘संवादकौशल्य कमी’ असा मिळाला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० साली ४८ जणांवर केलेल्या प्रयोगात, कोणी पाहत असताना बोलत बोलत प्रश्न सोडवणाऱ्यांची कामगिरी एकांतात सोडवणाऱ्यांच्या निम्म्याहूनही खाली गेली होती. म्हणजे दडपण सर्वांनाच येते. माझ्यासारख्यांच्या बाबतीत त्यात संस्कारांची भर पडते, इतकेच.

चाचणी तयार करणारी : प्रश्न मुद्दाम मोघम ठेवून ‘शंका विचारतो का’ याला गुण देण्याची आमची पद्धत होती. शंका विचारणे म्हणजे अज्ञान उघड करणे, असे मानणारे उमेदवार गप्पच राहत. शंका विचारण्याला गुण आहेत, हे सूचनांमध्ये स्पष्ट लिहिल्यावर त्यांच्याकडूनही नेमक्या शंका येऊ लागल्या.

भरती व्यवस्थापक : तरीही मी चाचणी सोडणार नाही. परक्या देशातल्या विद्यापीठाचे नाव वाचून मला काहीच कळत नाही, आणि ओळखीच्या नावाला झुकते माप मिळते. मात्र चाचणीवर पूर्वीइतका भारही टाकत नाही. कामाच्या नमुना-चाचणीचा (प्रत्यक्ष कामासारखेच काम करायला देणारी चाचणी) पुढील कामगिरीशी असलेला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) १९९८ च्या मानसशास्त्रज्ञ श्मिट आणि हंटर यांच्या आढाव्यात ०.५४ होता, सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या फेरमांडणीत तो ०.३३ वर आला, तर ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.४२ निघाला. म्हणून दोन्ही घेतो. वरच्या उमेदवार ताईंना विचारायचे आहे : आधी एकांतात कोड लिहून मग तेच समजावून सांगायचे असते, तर तुम्हाला सोयीचे झाले असते का?